बायपोलरमधल्या नैराश्यासाठी थेरपी : पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

बायपोलर, म्हणजे कधी मन फार वर (तेजी) तर कधी फार खाली (नैराश्य) जाण्याचा आजार, म्हटला की लोकांना आठवतात ते तेजीचे दिवस. रात्र रात्र जागणं, हाताला येईल तो खर्च, घरात वादळ. पण या आजारात जास्त काळ जातो तो नैराश्यात. अमेरिकेत बायपोलर एकच्या (ज्यात तेजी पूर्ण जोराची असते) 146 रुग्णांकडे जवळपास तेरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांचे सुमारे एक तृतीयांश आठवडे नैराश्याच्या लक्षणांत गेले होते, म्हणजे तेजीच्या तिपटीहून जास्त. बायपोलर दोनमध्ये (ज्यात तेजी सौम्य असते) तर निम्मे आठवडे नैराश्याचे निघाले.

औषधांची ताकदही नेमकी याच टप्प्यात कमी पडते. मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, चालू असताना वरून नेहमीचं अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) दिलं तर फरक पडतो का, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 366 रुग्णांवर तपासलं गेलं. औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्याच संशोधन प्रकल्पात नैराश्यात असलेल्या 293 जणांपैकी काहींना नऊ महिन्यांत तीसपर्यंत थेरपी सेशन्स मिळाली आणि बाकीच्यांना माहितीची फक्त तीन. वर्षअखेर पहिल्या गटातले 64 टक्के सावरले होते, दुसऱ्यातले 52 टक्के. दोन्ही गट औषधं घेतच होते. थेरपीकडून काय अपेक्षा ठेवायची हे या आकड्यांवरून ठरवा. ती औषधाची जागा घेत नाही, पण औषधाच्या जोडीला नियमित केली तर लवकर आणि जास्त जण सावरतात.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. साध्या नैराश्याची थेरपी माणसाला फक्त वर आणायचं पाहते. बायपोलरमध्ये वर आणताना वेगही सांभाळावा लागतो, कारण वर आलेला माणूस तिथे थांबेलच याची खात्री नसते. म्हणून इथे घड्याळ, झोप आणि घरचे यांना विचारांइतकंच, खरं तर त्याहून जास्त महत्त्व आहे.

कोणाकडे जायचं

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचाराचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. निदान, औषधं आणि रक्ततपासण्या त्यांच्याकडे. थेरपी बहुतेक वेळा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. त्यांचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात काहीही वावगं नाही. काउन्सेलर हे नाव मात्र प्रत्यक्षात कोणीही लावताना दिसतं. त्यांच्यात उत्तम काम करणारे आहेत, पण बायपोलरसाठी जायचं तर त्यांनी कोणाच्या देखरेखीखाली असं काम केलंय हे विचारून घ्या.

पुण्यात खर्च परवडत नसेल तर ससून रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय या दोन सरकारी जागा आहेत. ससूनच्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकतात. विद्यार्थी आहेत म्हणून नाक मुरडू नका. ठरलेल्या पद्धतीने, दर आठवड्याला वरिष्ठांना दाखवून केलेलं काम पुष्कळदा घाईत उरकलेल्या महागड्या सेशनपेक्षा चांगलं असतं. सरकारी ठिकाणी केसपेपर काढायला सकाळी लवकर पोचा, सोबत एक माणूस आणि जुन्या सगळ्या चिठ्ठ्या न्या.

खासगीत जाणार असाल तर भेट ठरवण्याआधी फोनवर पाच प्रश्न विचारा. बायपोलरच्या नैराश्यात आधी काम केलंय का? कोणत्या पद्धतीने करता? माझ्या सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोलाल का? घरच्यांना कधी बोलावता? फी किती, सेशन किती मिनिटांचं, आणि आयत्या वेळी रद्द केलं तर काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सीबीटी (विचार आणि वागणं तपासणारी थेरपी), सोशल ऱ्हिदम (रोजच्या वेळा सांभाळणारी), कुटुंबकेंद्रित थेरपी, सायकोएज्युकेशन (आजाराची नीट माहिती देणं) यांपैकी काहीतरी असायला हवं. ‘आपण बोलू, मोकळं वाटेल’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. मोकळं वाटणं चांगलंच, पण ठरलेला आराखडा नसेल तर या आजारात ते पुरत नाही.

तीन गोष्टी दिसल्या तर तिथून निघा. एक, गोळ्या बंद करायला सांगणं. दोन, तेजीबद्दल पहिल्या दोन भेटींत एकही प्रश्न न विचारणं. तीन, खोल नैराश्यात असलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे बालपणीच्या जखमा उकरायला लावणं. ते काम पुढे, तब्येत स्थिर झाल्यावर करता येतं. नैराश्याच्या तळाशी माणसाला फक्त वाईटच आठवतं, आणि सेशनमधून तो आणखी थकून बाहेर येतो.

स्वमदत गटांचा आधार मोठा असतो. पुण्यात ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, शुभार्थी (म्हणजे रुग्ण) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) यांच्यासाठी बरीच वर्षं काम करते आहे. मात्र गट हा थेरपीला पर्याय नाही. दोन्ही करा.

पहिल्या भेटीआधी एक पान

नैराश्यात शब्द सुचत नाहीत, तारखा आठवत नाहीत. म्हणून घरी बसून एका पानावर आडवी रेघ मारा आणि तिच्यावर वर्षं मांडा. रेघेच्या खाली नैराश्याचे काळ, वर तेजीचे. प्रत्येकाशेजारी त्या वेळी काय चाललं होतं (परीक्षा, बाळंतपण, नोकरी बदलली, बाबा गेले), झोप किती होती, कोणतं औषध चालू किंवा बंद झालं, हे दोन-दोन शब्दांत. रेघेच्या वरचा भाग घरच्यांकडून भरून घ्या. तेजीत आपण किती बोलत होतो हे आपल्यापेक्षा त्यांच्या नीट लक्षात असतं. नात्यातल्या आजारांचीही नोंद करा. ‘मामा दोन वर्षं घरीच बसून होते’, ‘आजीला शॉक दिले होते’ अशी वाक्यं आपल्याकडे दबक्या आवाजात बोलली जातात. इथे ती उपयोगी पडतात.

रिपोर्टही जोडा. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, जी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजलेली असावी, आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतो. मग येणारी मरगळ, वजन, सुस्ती हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा तपासून घ्या. थेरपी लागू पडत नाही म्हणून निराश होण्याआधी या दोन कारणांचा निकाल लागलेला बरा.

शेवटी, तीन उद्दिष्टं लिहा. ‘बरं वाटावं’ हे उद्दिष्ट म्हणून चालत नाही, कारण ते मोजता येत नाही. ‘आठवड्यातले पाच दिवस साडेनऊला कामाला बसणं’, ‘मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं’, ‘कर्जाची सगळी पत्रं उघडून एका फाइलीत लावणं’, अशी चालतात.

पहिले तीन आठवडे : घड्याळ

सोशल ऱ्हिदम थेरपी पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरसाठी उभी केली. तिचं मुख्य साधन म्हणजे पाच वेळांची रोजची नोंद:

अंथरुणातून उठलो ती वेळ.
पहिल्यांदा माणसाशी बोललो ती वेळ (समोरासमोर किंवा फोनवर, रील बघणं धरायचं नाही).
काम, अभ्यास किंवा घरकाम सुरू केलं ती वेळ.
रात्रीचं जेवण.
झोपायला गेलो ती वेळ.

पहिला आठवडा फक्त लिहा, काहीही बदलू नका. इथेच बरेच जण घाई करतात. पहिल्याच दिवशी ‘उद्यापासून पाचला उठणार’ असं ठरतं, तिसऱ्या दिवशी ते मोडतं, आणि चौथ्या दिवशी वही बंद होते. आठवडाभराच्या नोंदीवरून उठण्याची सरासरी काढा. ती पावणेअकरा आली तर पुढचं लक्ष्य साडेदहा. ते तीन-चार दिवस टिकलं की आणखी पंधरा मिनिटं अलीकडे. ठरलेल्या वेळेच्या मागेपुढे पाऊण तासापर्यंत झालं तरी ते जमलं असंच धरा.

पाचांतली उठण्याची वेळ सगळ्यांत आधी पक्की करा, झोपायची नंतर. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं. उठून खिडकीपाशी जाऊन बसणं बऱ्यापैकी असतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत उजेडात या. गच्ची, गॅलरी, सोसायटीचं गेट, काहीही चालेल. दुपारची झोप हवीच असेल तर तीनच्या आत आणि वीस-तीस मिनिटं, गजर लावून.

निद्रानाशाच्या नेहमीच्या थेरपीत अंथरुणातला वेळ जाणूनबुजून कमी करायला लावतात. बायपोलरमध्ये त्याला मर्यादा आहे: साडेसहा तासांच्या खाली जाऊ नका. कमी झोपेने नैराश्य दोन दिवस हलकं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तेजीचं दार उघडू शकतं.

पुण्यात या वेळापत्रकाला ठरावीक दिवसांत तडा जातो. गणपतीचे दहा दिवस हे त्यातलं मोठं उदाहरण. ढोलपथकाचा सराव, रात्रीचे देखावे, आणि मग रात्रभर चालणारी विसर्जन मिरवणूक. सण सोडायची गरज नाही. मानाचे गणपती दिवसा बघा, रात्री नऊला घरी या, आणि हे थेरपिस्टसोबत निदान पंधरा दिवस आधी ठरवा. हिंजवडी-खराडीच्या रात्रपाळ्यांचं काय करायचं हा प्रश्न अधिक अवघड आहे. कायमची रात्रपाळी वाईट, पण दर आठवड्याला बदलणारी पाळी त्याहून वाईट. डॉक्टरांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव ठरलेली दिवसपाळी द्यावी’ एवढंच पत्र घेता येतं. त्यात आजाराचं नाव घालायलाच हवं असं नाही. पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षा करणाऱ्यांनी रात्री दोनपर्यंत बसायचा हट्ट सोडावा. तोच अभ्यास सकाळी आठपासून करता येतो. आणि लिथियम चालू असेल तर निर्जळी उपवास करू नका, अंगातलं पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी चढते.

हालचाल : तळातून वर येताना

नैराश्यात माणूस ‘इच्छा झाली की करीन’ म्हणतो, आणि इच्छा होत नाही. थेरपीत क्रम उलटा असतो. आधी कृती, मग हळूहळू इच्छा. यासाठी कृतीचे अगदी बारीक तुकडे करावे लागतात, बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतील इतके बारीक.

आंघोळीचंच घ्या. चार दिवस आंघोळ झालेली नाही, ही नैराश्यातली नेहमीची गोष्ट. ‘आज आंघोळ करायची’ हे पहिल्या दिवसाचं काम नव्हे. पहिल्या दिवशी टॉवेल आणि कपडे काढून बाथरूमच्या खुंटीला लावायचे, बस. दुसऱ्या दिवशी गीझर लावून हातपाय, तोंड धुवायचं. तिसऱ्या दिवशी बादली भरायची, स्टूल ठेवून बसून दोन तांबे अंगावर घ्यायचे. साबण लावला नाही तरी चालेल. उभं राहून, डोक्यावरून नीट आंघोळ ही पाचव्या-सहाव्या दिवशीची गोष्ट. प्रत्येक तुकड्यापुढे दोन आकडे लिहा, शून्य ते दहा: किती जड गेलं, आणि झाल्यावर किती हायसं वाटलं. दुसरा आकडा बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा जास्त निघतो. दोन आठवड्यांची पानं समोर ठेवली की थेरपिस्टला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

दिवसाला तीनच कामं ठरवा. एक शरीराचं, एक घरातलं किंवा कामाचं, एक माणसाशी जोडणारं. सारसबागेत दहा मिनिटं, एक ताट घासणं, मावशीला फोन, बस. पर्वती चढून येणं हे महिनाभर तरी यादीत नको.

आता बायपोलरचा खास भाग. नीट वाटायला लागलं की माणूस गमावलेले महिने भरून काढायला धावतो. जिम, क्लास, घराची साफसफाई, जुन्या मित्रांना फोन, सगळं एकाच आठवड्यात. मोठं यश किंवा एखादं ध्येय गाठल्यानंतर तेजीची लक्षणं वाढताना संशोधनात दिसली आहेत. म्हणून कामं वाढवायलाही नियम हवा: आठवड्याला एकच नवीन गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीची थांबायची वेळ आधीच लिहिलेली. काम कितीही रंगात आलेलं असो, दहाला लॅपटॉप बंद. झोप नेहमीपेक्षा दोन तासांनी कमी झाली आणि तरीही थकवा नाही, असं सलग दोन रात्री झालं तर नवीन काम थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

विचारांची वही, आणि खऱ्या चुकांचं काय करायचं

सीबीटीत विचार कागदावर मांडायला शिकवतात. प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना किती टक्के, त्या वाक्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी जास्त खरं वाटेल असं वाक्य. ‘ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही, मी कोणालाच नकोय’ अशा विचारांवर ही रीत छान चालते. शेवटचं वाक्य गोड नसावं, पटण्याजोगं असावं. ‘मी सगळ्यांना हवाहवासा आहे’ हे कोणालाच पटणार नाही. ‘सकाळची वेळ होती, दोघांनी वाचलंय, बाकीच्यांचं माहीत नाही’ हे पटतं.

पण बायपोलरच्या नैराश्यात बरेच जड विचार असे नसतातच. समजा, तेजीत तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं, भर लग्नात थोरल्या काकांना नको ते बोललो, नोकरीचा राजीनामा पाठवला. आता मनात येतं, ‘मी घराची वाट लावली.’ यात विचारांची चूक शोधत बसलं तर रुग्णाला आपली थट्टा चालली आहे असं वाटेल, आणि ते बरोबरच असेल. घडलेलं घडलंय. इथे थेरपिस्टने रीत बदलायला हवी. एका बाजूला झालेलं नुकसान लिहायचं: रक्कम, माणूस, तारीख. दुसऱ्या बाजूला दुरुस्ती: बँकेत जाऊन हप्ता पुन्हा बांधून घेणं, काकांना भेटायच्या आधी चार ओळींची चिठ्ठी. आठवड्याला एकच दुरुस्ती, तीही मूड फार खाली नसेल तेव्हा. आणि ‘मी’ व ‘आजार’ यांचा हिशोब वेगळा मांडायचा: आजारामुळे काय झालं आणि आता माझी जबाबदारी किती. जबाबदारी घेतल्याने अपराधीपणा कमी होतो, हे अनेकांना आधी खरं वाटत नाही.

दुसरा एक विचार हमखास येतो: ‘तेजीतला मीच खरा होतो, गोळ्यांनी मला मारून टाकलं.’ हा विचार मनात ठेवलात तर एक दिवस गोळ्या चुपचाप बंद होतात. सेशनमध्ये तो उघड बोला. त्या दिवसांतलं नेमकं काय हवंय? उत्साह, कल्पना, लोकांत मिसळणं? त्यातलं काय स्थिर तब्येतीतही मिळवता येईल? गोळीमुळे खरोखरच सुस्ती, हाताला कंप किंवा वजन वाढणं असेल तर डोस आणि वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. तक्रार सांगणं हा तुमचा हक्क आहे.

घरच्यांची सेशन्स

वर सांगितलेल्या 293 जणांच्या अभ्यासात कुटुंबकेंद्रित थेरपी घेतलेल्यांपैकी 77 टक्के वर्षभरात सावरले. ती साधारण नऊ महिन्यांत 21 सेशन्समध्ये होते: आधी आजाराची माहिती, मग बोलण्याची रीत, मग अडचणी सोडवणं. पुण्यात पूर्ण 21 करायला फार थोड्या घरांना जमतं. चार सेशन्स तरी कराच, आणि रोज ज्यांच्याशी उठणं-बसणं आहे त्यांना न्या. नाशिकचा मोठा भाऊ कितीही शहाणा असला तरी रोजचं जेवण वाढणारी आई किंवा बायको त्या खुर्चीत हवी.

सतत टोकणं आणि सतत काळजी करणं, दोन्हींनी आजार उलटण्याची शक्यता वाढते. ‘गोळी घेतलीस का?’ हे दिवसातून सहा वेळा विचारलं जातं, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात माया असते आणि ऐकणाऱ्याला पोलीस चौकशी वाटते. त्यावर तोडगा साधा आहे: एकच माणूस, एकच वेळ, एकदाच. रात्रीच्या जेवणानंतर डबी दोघांनी बघायची, विषय संपला.

विनंती करायची रीतही शिकवतात. ‘तू दिवसभर लोळत असतोस’ याऐवजी: ‘तू साडेनऊला माझ्याबरोबर चहाला बसलास तर मला बरं वाटेल.’ काय हवंय ते नेमकं, आणि त्याने मला काय वाटेल ते. उलट बाजूनेही तसंच: ‘आई, पाहुण्यांसमोर माझ्या तब्येतीचं बोलू नकोस, मला संकोच होतो. विचारलंच तर सुट्टीवर आहे म्हण.’ सेशनमध्ये हे खरंच बोलून बघायचं असतं, आणि पहिल्यांदा ते दोघांनाही खोटं-खोटं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं.

धोक्याची चिठ्ठी

चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत दोन कागद तयार असायला हवेत. पहिला, तेजीच्या खुणांचा. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या बारीक असतात: रात्री दीड वाजता नातेवाइकांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज, गाडी नेहमीपेक्षा जोरात, एकदम तीन नव्या धंद्यांच्या कल्पना. पुढे कृती लिहा. डॉक्टरांना 24 तासांत फोन. यूपीआय आणि कार्डं घरातल्या ठरलेल्या माणसाकडे. कोणताही मोठा निर्णय 48 तास थांबवायचा आणि दोन विश्वासातल्या माणसांना विचारायचा.

दुसरा कागद जीव नकोसा होण्याच्या वेळेचा. आधी कोणत्या खुणा दिसतात, एकट्याने काय करून बघायचं, कोणाच्या सहवासात जायचं, मदतीसाठी कोणाला फोन करायचा, डॉक्टर आणि थेरपिस्टचे नंबर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 112 किंवा थेट जवळच्या रुग्णालयाची इमर्जन्सी. गोळ्यांचा साठा घरातल्या माणसाकडे ठेवा, आठवड्याचीच डबी भरून हातात द्या. लिथियमचा जास्त डोस जीवघेणा ठरू शकतो, म्हणून ही खबरदारी वाद न घालता घ्यावी.

मन खाली आणि डोकं मात्र भरधाव, बेचैनी, झोप नाही, चिडचिड, ही मिश्र अवस्था सगळ्यांत धोक्याची. तिच्यात थेरपीचा गृहपाठ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टला गाठा. खाणं-पिणं बंद झालं, आवाज ऐकू येऊ लागले किंवा ‘मी मेलोय, माझे अवयव सडलेत’ असं पक्कं वाटायला लागलं तरी तेच.

तब्येत बरी असताना आणखी एक काम उरकून घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे. पण तुमच्या पॉलिसीत ओपीडी धरलेली नसेल तर थेरपीची फी त्यातून मिळणार नाही. पॉलिसी वाचून घ्या.

कुठे अडतं

सुरुवातीला एकाग्रता नसते, सेशनमधलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शेवटची पाच मिनिटं लिहायला मागून घ्या, किंवा परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. फारच मंदावलेल्या माणसाला पन्नास मिनिटं झेपत नाहीत. पंचवीस मिनिटांची दोन सेशन्स मागा.

गृहपाठ झाला नाही म्हणून सेशन बुडवणं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी गळती. गृहपाठ झाला नसेल तर नक्की जा. का झाला नाही हेच त्या दिवशीचं काम. ऑनलाइन घेत असाल तर घर लहान असण्याची अडचण येते. पलीकडच्या खोलीत सासूबाई असताना सुनेला मोकळं बोलता येत नाही. पार्किंगमधली गाडी, गच्ची, मैत्रिणीचं घर, असं काहीतरी आधी ठरवा. प्रत्यक्ष जात असाल तर वाकडहून कोथरूडला संध्याकाळी सातला पोचायचा बेत आखू नका. ट्रॅफिकमध्येच त्राण संपतं.

मोजमाप ठेवा. पीएचक्यू-9 नावाची, नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते, गुण 0 ते 27. दर पंधरा दिवसांनी, त्याच वारी, त्याच वेळी भरा. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक, निम्म्यावर येणं म्हणजे उपचार लागू पडतायत, पाचच्या खाली म्हणजे नैराश्य जवळपास ओसरलं. आठ आठवड्यांत पाच गुणही हलले नाहीत तर थेरपिस्ट, डॉक्टर आणि तुम्ही असं तिघांनी बोला: निदान, डोस, थायरॉइड, दारू, पद्धत. दारूचा मुद्दा लपवू नका. रोजचे दोन पेग झोप आणि मूड दोन्ही मोडतात आणि कितीही चांगली थेरपी वाया घालवतात. त्या प्रश्नासाठी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

किती दिवस

पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढचे दोन-तीन महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्याला एक. एकूण 16 ते 30 सेशन्स धरून पैशांचा हिशोब करा. निम्म्यावर पैसे संपून थेरपी तुटण्यापेक्षा सुरुवातीपासून पंधरा दिवसांनी एक अशी पुरवून केलेली बरी. तसं थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. बरं वाटायला लागल्यावर लगेच थांबू नका, कारण विसाव्या-बाविसाव्या सेशनमध्ये होणारं काम, म्हणजे पुढच्या वेळी आजार कसा ओळखायचा, हे तळात असताना करताच येत नाही. नियमित सेशन्स संपताना पुढच्या वर्षाच्या तारखा घेऊन ठेवा. एक गणपतीच्या आधी, एक ज्या महिन्यात तुमचं नैराश्य सहसा सुरू होतं त्याच्या आधीच्या महिन्यात, आणि एक कोणत्याही मोठ्या बदलाच्या वेळी: लग्न, बाळंतपण, नवी नोकरी. मूल हवं असेल तर औषधांबद्दल डॉक्टरांशी कित्येक महिने आधी बोलायला लागा, विशेषतः व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर.